बाकी एक

पडद्यावर उत्तर उमटलं : ०.००००००.
त्सियाला खुर्चीत मागे रेलल्या, चष्मा कपाळावर सरकवला
आणि म्हणाल्या, ‘म्हणजे रिओनी आटली.’

सव्वीस वर्षं त्या या नदीची मोजपट्टी वाचतात,
कुताइसीच्या पुलाखाली, गमबूट घालून,
सकाळी आठ, रात्री आठ.
या काठापासून त्या काठापर्यंत छत्तीस मीटर,
दर दोन मीटरवर दोरीला गाठ,
काठ धरून खोलीचे एकोणीस आकडे.
ते आलेखाच्या कागदावर मांडून चौकोन मोजायचे :
अर्ध्याहून जास्त भरला तर एक, कमी भरला तर सोडून द्यायचा.
आता हे यंत्राने करावं असं कचेरीचं पत्र आलं,
निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना.
म्हणून हे तळघर, हा खरखरता हीटर
आणि शिकवायला मी,
त्यांच्या धाकट्या मुलाहून लहान.

मी ओळीवर बोट ठेवलं.
समलंब चौकोनाचं सूत्र बरोबर होतं, शाळेतलंच,
सुरुवातीला निम्मं : एक भागिले दोन.
‘सी-ला हे दोन्ही पूर्णांक दिसतात,’ मी म्हटलं,
‘दोनाने एकाला भाग जात नाही. भागाकार शून्य.’
‘आणि बाकी?’
‘बाकी एक.’
‘ती कुठे गेली?’
‘टाकून दिली.’
त्या ओळीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या,
मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तशा.
कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता.
मग एकापुढे एक टिंब दिलं, टिंबापुढे शून्य,
आणि निम्मं निम्मं झालं.

पुन्हा चालवलं. उणे सात, आणि दहाचा दोनशे बारावा घात.
आता त्या एवढ्याने हसल्या की पहारेकरी वख्तांग
जिन्यावरून डोकावून गेला.
बेरजेसाठी जागा मागितली होती, झाडून घेतली नव्हती.
आधीच्या भाडेकरूचं काहीबाही तिथेच पडलेलं,
त्यावर आम्ही नदी ओतत होतो.
‘पण मघाशी तर शून्य आलं होतं!’
मघाशी नशीब होतं,
हे मला धड समजावता आलं नाही.

बेरीज बरोबर शून्य. पुन्हा.
एक्कावन्न पूर्णांक आठ.

मी खूश. वायर गुंडाळायला घेतली.
त्यांनी वही काढली, पेन्सिलीचे चौकोन :
बावन्न पूर्णांक चार.
‘चौकोन मोजताना एवढं इकडेतिकडे होणारच.’
‘माझं होत नाही.’

डोळे मिटून, हातात दोरी असल्यासारख्या
त्या पलीकडच्या काठावरून परत येऊ लागल्या,
गाठ, गाठ, गाठ, ओठ हलताहेत,
आणि अगदी शेवटी टाच जमिनीवर आपटली.
‘इथे. कडेला शून्य, पहिल्या गाठीला साठ सेंटीमीटर.
मी जिथे उभी राहते तेवढंच पाणी गेलंय.’

मी फॉरची ओळ पाहिली. आय बरोबर एक.
माणूस एकापासून मोजतो,
फार तर धान्याच्या पहिल्या मापाला लाभ म्हणतो.
यंत्राचं पहिलं माप शून्य,
नेमकं तेच मापातून सुटलं होतं.

एकाचं शून्य केलं.
बावन्न पूर्णांक चार.

त्यांनी आकडा उतरवला, तारीख घातली, सही केली.
मग विचारलं, ‘दोन गाठींच्या मध्ये हा काय धरतो?’
‘सरळ रेष.’
‘नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये जुन्या पुलाचा दगड आहे.’
‘तो नाही धरत.’
‘हं.’
वही पुन्हा उघडून सहीच्याही खाली
बारीक अक्षरात लिहिलं : दगड, एक.

पावणेआठ झाले होते.
रात्रीची पट्टी वाचायची होती अजून.